जुन्या जॉब रजिस्टरशेजारी फाइलचं चित्र दाखवायचं असेल तर

निपाणीतल्या एका छपाईच्या प्रेसमधून आलेला प्रश्न थोडक्यात असा. जॉब रजिस्टरचं, म्हणजे छपाईच्या कामांच्या नोंदींचं, सॉफ्टवेअर जुनं आहे, व्हीबी-सिक्स या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत कुणीतरी करून दिलेलं. करून देणारा आता भेटत नाही आणि सोर्स कोडही जवळ नाही. स्क्रीनवर जॉब नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि फाइलचा पाथ, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता, दिसतो, पण फाइलमध्ये काय आहे ते दिसत नाही. काउंटरच्या कॉम्प्युटरवर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर नाही. त्यामुळे ‘मागं थोरल्याच्या लग्नाला केलेली तसलीच पत्रिका पाहिजे’ म्हणत कुणी आलं की आत ऑपरेटरला हाक मारायची, आणि त्यानं हातातलं काम सोडून एकेक फाइल उघडून बघायची. रजिस्टर न बदलता, एखाद्या स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रामच्या, जोरावर तिथल्या तिथे फाइलचा प्रिव्ह्यू दाखवता येईल का?

येईल, आणि रजिस्टरला हात लावावा लागणार नाही. फक्त ‘रजिस्टरमध्ये प्रिव्ह्यू घालायचा’ असा विचार करू नका, त्यात काम उगाच अवघड होऊन बसतं. दोन वेगळी कामं करा. पहिलं काम म्हणजे सगळ्या जॉब फाइलींची छोटी चित्रं आधीच काढून एका फोल्डरमध्ये ठेवायची. दुसरं म्हणजे रजिस्टरवर आत्ता कुठला जॉब उघडा आहे एवढंच ओळखून त्याचं चित्र शेजारच्या खिडकीत लावायचं. बेळगाव, शहापूर, खानापूर भागातल्या प्रेसमध्ये मी हीच पद्धत बसवतो. काउंटरवरच्या जुन्या, संथ कॉम्प्युटरवर फाइल उघडण्याचं ओझं पडत नाही, आणि एक काम बिघडलं तरी दुसरं चालू राहतं.

आधी तयार साधनांचं सांगतो, कारण काहींचं काम तेवढ्यावरच भागेल. विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये अल्ट आणि पी एकत्र दाबलं की उजवीकडे प्रिव्ह्यूची पट्टी उघडते. मॅकवर स्पेसबार दाबून फाइल बघायची सोय २००७ पासून आहे, आणि विंडोजवर तसंच करून देणारं क्विकलुक हे साधन फुकट मिळतं. ज्यांच्याकडे रजिस्टर नाही, सगळं काम फोल्डरमध्येच चालतं, त्यांनी हे बसवावं आणि पुढचं वाचायचा त्रासही घेऊ नये. तुमची अडचण वेगळी आहे. ही साधनं एक्स्प्लोररमध्ये निवडलेली फाइल दाखवतात, तुमच्या रजिस्टरमध्ये निवडलेली नाही. शिवाय सीडीआर, म्हणजे कोरलच्या, फाइलचं चित्र एक्स्प्लोररला दाखवता यावं म्हणून लागणारा भाग कोरलच्या इन्स्टॉलेशनबरोबर येतो, आणि काउंटरवर कोरल नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींचा प्रिव्ह्यू एक्स्प्लोरर दाखवत नाही, धोक्याची सूचना देतो. गिऱ्हाइकानं मेलवर पाठवलेली पीडीएफ ‘कालपर्यंत दिसत होती, आज दिसेना’ अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. फाइल खात्रीची असेल तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करायची.

आता रजिस्टरवरचा जॉब ओळखण्याचं काम. यासाठी ऑटोहॉटकी हे स्क्रिप्ट चालवणारं साधन वापरा. फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि नेमकं असल्याच कामासाठी बनलेलं आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरमध्ये आली आणि तिची लिहिण्याची पद्धत पहिलीपेक्षा वेगळी आहे. म्हणून इंटरनेटवरून उचललेला जुना तुकडा नव्यात तसाच चालत नाही. नव्यानं सुरुवात करताय तर दुसरीच घ्या.

ऑटोहॉटकीबरोबर विंडो स्पाय नावाचं छोटं साधन येतं. ते उघडा, रजिस्टर समोर आणा आणि माउस जॉब नंबरच्या चौकोनावर न्या. व्हीबी-सिक्सचं सॉफ्टवेअर असेल तर तिथे ‘थंडर-आरटी-सिक्स-टेक्स्टबॉक्स’ असं नाव आणि पुढे एक आकडा दिसेल. हे नाव मिळालं की काम झालंच म्हणायचं, कारण स्क्रिप्टला त्या चौकोनातला मजकूर एका ओळीत वाचता येतो. माउस नेल्यावर चौकोनाऐवजी मागच्या फॉर्मचंच नाव येत असेल, तर जॉब नंबर टेक्स्टबॉक्समध्ये, म्हणजे टाइप करायच्या चौकोनात, नाही, नुसता मजकूर दाखवणाऱ्या लेबलमध्ये आहे. व्हीबी-सिक्सचं लेबल ही स्वतंत्र खिडकी नसतेच. फॉर्म स्वतःच्या अंगावर ती अक्षरं रंगवतो, त्यामुळे बाहेरच्या प्रोग्रामला तिथे वाचायला काही सापडत नाही. ग्रिडचं, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्याचंही तेच. फ्लेक्सग्रिडमध्ये दिसणारी ओळ हे नुसतं रंगवलेलं चित्र असतं.

अशा वेळी दोन वाटा राहतात. बऱ्याच रजिस्टरमध्ये ओळीवर डबल क्लिक केलं की ‘जॉब दुरुस्त करा’ असा फॉर्म उघडतो आणि त्यात तरी जॉब नंबर टेक्स्टबॉक्समध्ये असतो, तो धरायचा. नाहीतर सॉफ्टवेअरचा डेटाबेस थेट वाचायचा. त्या काळच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल असतो. ती फाइल वाचून देणारा जुना जेट ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे, म्हणून स्क्रिप्टही ३२ बिटच्या ऑटोहॉटकीनं चालवावी लागते. ६४ बिटची चालवली तर ‘प्रोव्हायडर सापडला नाही’ असा निरोप येतो आणि माणूस चुकीच्या जागी दोष शोधत बसतो. डेटाबेस वाचायचा तर फक्त वाचण्यासाठीच उघडा. त्यात एक अक्षरही लिहू नका, हिशेबाचं रजिस्टर आहे ते.

क्लिपबोर्डची वाट मात्र धरू नका. बऱ्याच जणांचा पहिला सल्ला हाच असतो: स्क्रिप्टनं कंट्रोल-सी दाबायचं, क्लिपबोर्डमधून पाथ उचलायचा, झालं काम. प्रेसमध्ये हे चालत नाही. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं काम, करणाऱ्या माणसाच्या क्लिपबोर्डवर कायम काहीतरी असतं, कधी कोरलमधून उचललेली चौकट, कधी गणपतीचं चित्र, कधी अर्धी मजकुराची पानं. स्क्रिप्टनं ते पुसलं तर त्याची मेहनत जाते आणि ती का गेली हे त्याला कळतही नाही. आधीचा क्लिपबोर्ड सांभाळून परत ठेवता येतो हे खरं, पण कोरलच्या मोठ्या चित्राला त्यात वेळ लागतो आणि तो भरवशाचाही नाही.

इथे बहुतेक जण अडखळतात ते हक्कांपाशी. जुनं सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून कुणीतरी ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ लावून ठेवलेलं असतं. मग साध्या हक्कानं चालणाऱ्या स्क्रिप्टला विंडोज त्या खिडकीपर्यंत नीट पोचू देत नाही. सॉफ्टवेअर आणि स्क्रिप्ट दोन्ही एकाच पातळीवर चालवा, शक्य तर दोन्ही साध्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामला तुम्ही नेटवर्कवरून जोडलेला झेड ड्राइव्ह किंवा जे ड्राइव्ह बहुधा दिसत नाही. म्हणून पाथ ड्राइव्हच्या अक्षरानं न लिहिता सर्व्हरच्या नावानं लिहावा.

आता आपल्या भागाच्या खास अडचणीकडे येतो. तुम्ही म्हणाल, रजिस्टरमध्ये फाइलचा पाथ आहेच, तोच वाचू. वाचून बघा. जिथे फाइलचं नाव देवनागरीत किंवा कन्नडमध्ये ठेवलंय तिथे पाथच्या शेवटी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. विंडोजमध्ये इंग्रजी, रशियन, अरबी अशा भाषांना जुन्या पद्धतीचं कोड पेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, आहे. मराठी, हिंदी, कन्नड यांना ते नाही. या भाषा विंडोजवर आल्या त्या थेट युनिकोडमधून, म्हणजे सगळ्या भाषांच्या एकाच सामाईक तक्त्यातून. व्हीबी-सिक्सचे मूळ टेक्स्टबॉक्स जुन्या पद्धतीचे, त्यामुळे युनिकोडमधलं ‘पाटील’ त्यांच्यापर्यंत पोचेतो प्रश्नचिन्हं होतं. ती प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्ये तशीच साठवली गेली असतील तर मूळ नाव तिथून परत मिळत नाही. यावर कुणी तुम्हाला रीजनच्या सेटिंगमधला यूटीएफ-आठचा, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या पद्धतीचा, ‘बीटा’ पर्याय चालू करायला सांगेल. ज्या मशिनवर पेजमेकर हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट चालतात तिथे तो चालू करू नका. त्या सॉफ्टवेअरचं सगळं गणित जुन्या कोड पेजवर उभं असतं आणि त्यातली अक्षरं बिघडू शकतात.

नाव मराठीत नीट असलं तरी गोष्ट संपत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ कुणी थेट ऱ चं अक्षर घेऊन टाइप करतो, कुणी र ला खाली नुक्ता देऊन, तर कुणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन वेगळी नावं आहेत, आणि शोधताना एक सापडलं तर दुसरी दोन निसटतात. मागच्या बाजूला लिनक्सवर चालणारं नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवणारी पेटी, असेल तर आणखी एक मर्यादा येते. तिथे फाइलच्या नावाला २५५ बाइटची हद्द आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून ८५ चिन्हं झाली की संपलं. ‘चि. सौ. कां.’पासून गावाच्या नावापर्यंत सगळं फाइलच्या नावात कोंबायची सवय असेल तर ही हद्द लवकर येते.

या सगळ्यातून सुटायचा मार्ग म्हणजे पाथ सोडून द्यायचा आणि जॉब नंबर धरायचा. नंबरात लिपीचा प्रश्न नाही. फाइलचं नाव जॉब नंबरनं सुरू व्हावं एवढा एकच नियम प्रेसमध्ये लावा. पुढे नाव मराठीत, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत काहीही असू दे. नंबर पाच अंकी ठेवा, पुढे शून्य लावून, आणि त्यानंतर एक अधोरेषा, म्हणजे १२४ शोधताना १२४५ हाती लागणार नाही. बहुतेक प्रेसमध्ये १ एप्रिलला नंबर पुन्हा १ पासून सुरू होतो, म्हणून फाइली आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टला जॉब नंबरबरोबर जॉबची तारीखही वाचायला लावा. यात एक फायदा आपोआप मिळतो. कोरल स्वतःच्या बॅकअप फाइली करतं त्यांचं नाव ‘बॅकअप ऑफ’नं सुरू होतं, नंबरनं नाही, त्यामुळे त्या शोधात येतच नाहीत.

जुन्या फाइलींची नावं बदलायची घाई मात्र करू नका. कोरलमध्ये काही चित्रं बाहेरच्या फाइलीशी जोडलेली असतात, नावं बदलली की ती जोडणी तुटते. जुन्यांसाठी वेगळी यादी करा: एका रकान्यात जॉब नंबर, दुसऱ्यात फाइलचा खरा पाथ, आणि ती यूटीएफ-आठमध्ये सेव्ह करा. फावल्या वेळात ती हळूहळू भरत जाते.

आता चित्र काढण्याचं काम. यातला मुख्य निर्णय हा की फाइल पुन्हा रंगवायची की तिच्या आत असलेलं चित्र बाहेर काढायचं. माझं मत ठाम आहे. सीडीआरच्या बाबतीत आतलं चित्रच काढा. लिब्रेऑफिस ड्रॉ हे फुकट सॉफ्टवेअर २०१२ पासून सीडीआर उघडतं, त्याच्याकडून चित्र करून घेता येतं हे खरं. पण आपल्या पत्रिका श्रीलिपी नाहीतर नुडीसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर म्हणून जे दिसतं ते मुळात इंग्रजी चिन्हांवर चढवलेलं रूप आहे. ज्या मशिनवर तो फॉन्ट नाही तिथे ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं येतात. फाइलच्या आतलं चित्र मात्र ऑपरेटरच्या मशिनवर, सगळे फॉन्ट हजर असताना, कोरलनं स्वतः काढलेलं असतं. त्यात मराठी मराठीच दिसतं आणि कन्नड कन्नडच. काउंटरच्या मशिनवर एकही फॉन्ट टाकावा लागत नाही.

ते चित्र कुठे असतं हे आवृत्तीवर अवलंबून आहे. २००८ मध्ये आलेल्या कोरल एक्स-फोरपासून सीडीआर फाइल ही खरं तर झिप फाइल आहे. एखादीची प्रत करून तिचं एक्स्टेन्शन झिप करा आणि उघडा. आत बहुधा मेटाडेटा नावाच्या फोल्डरमध्ये थंबनेल्स, म्हणजे छोट्या चित्रांचा, फोल्डर आणि त्यात थंबनेल नावाची बीएमपी फाइल दिसेल. विंडोजमधल्या पॉवरशेल या स्क्रिप्टच्या साधनाला झिप न उलगडता त्यातली एकच फाइल उचलता येते. उचलताना मूळ फाइल अशा रीतीनं उघडा की दुसऱ्याला त्याच वेळी ती वाचता आणि लिहिता येईल. तयार ‘ओपन-रीड’ कमांड हे करत नाही, ती दुसऱ्याचं लिहिणं अडवते. म्हणून आधी फाइलस्ट्रीम ‘रीड-राइट शेअर’ देऊन उघडायची आणि ती झिप वाचणाऱ्याच्या हाती द्यायची. एवढं केलं नाही तर ऑपरेटर सेव्ह करायला जातो त्याच क्षणी कोरल ‘फाइल दुसरीकडे उघडी आहे’ म्हणून अडतं, आणि मग प्रेसमध्ये तुमच्या स्क्रिप्टवर कुणाचा विश्वास राहत नाही.

एक्स-थ्री आणि त्याआधीच्या फाइली झिप नाहीत, त्या रिफ पद्धतीच्या आहेत. आपल्याकडे कोरल ११, १२ आणि एक्स-थ्री अजून कितीतरी प्रेसमध्ये चालतात, म्हणून हे नीट सांगतो. फाइलचे पहिले चार बाइट ‘आर आय एफ एफ’, पुढचे चार आकाराचे, मग ‘सी डी आर’ ही अक्षरं आणि बाराव्या बाइटवर आवृत्तीची खूण: ९ असेल तर कोरल ९, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, सी म्हणजे १२, डी म्हणजे एक्स-थ्री. त्यानंतर एकामागून एक खण लागतात. प्रत्येक खणाच्या तोंडाशी चार अक्षरांचं नाव आणि चार बाइटचा आकार. ‘डी आय एस पी’ नावाचा खण सापडेपर्यंत आकाराप्रमाणे उड्या मारत जायचं. आकार विषम असेल तर एक बाइट जास्त. त्या खणात पहिले चार बाइट चित्राचा प्रकार सांगतात, तिथे ८ हा आकडा असतो. त्याच्या पुढे बीएमपीचं सगळं अंग तयार असतं, फक्त डोकं नसतं. १४ बाइटचं ते डोकं आपण लावायचं: ‘बी एम’ ही दोन अक्षरं, एकूण आकार, चार शून्यं आणि रंगांचे ठिपके कुठून सुरू होतात तो आकडा. २५६ रंगांचं चित्र असेल तर १४ अधिक ४० अधिक १०२४, म्हणजे १०७८. रंग कमी असतील तर तक्ता लहान होतो, तो आकडा चित्राच्याच माहितीत लिहिलेला असतो, तिथून घ्या. हे सगळं पॉवरशेलमध्ये पानभरात बसतं.

आवृत्तीची ती खूण वाचलीच आहे तर प्रिव्ह्यूच्या खिडकीत मोठ्या अक्षरात दाखवा. नव्या कोरलची फाइल जुन्यात उघडत नाही. ती आतल्या कुठल्या मशिनवर द्यायची हे काउंटरवरच कळलं तर पुढचा हेलपाटा वाचतो.

आतलं चित्र लहान असतं. पत्रिकेची मांडणी, रंग, गणपती कुठला, मराठी बाजू की कन्नड बाजू हे ओळखू येतं, मुहूर्ताची वेळ वाचता येईलच असं नाही. काही फाइलींत चित्रच सापडणार नाही, कारण जुन्या कोरलमध्ये सेव्ह करताना थंबनेलच्या जागी ‘नन’ निवडता येत असे आणि फाइल लहान राहावी म्हणून कुणीकुणी ते कायम तसंच ठेवत. अशांसाठी, आणि यापुढच्या सगळ्याच कामांसाठी, कोरलमध्ये एक छोटं मॅक्रो, म्हणजे कोरलच्या आत चालणारी स्क्रिप्ट, करून घ्या. जॉब पक्का झाला की ऑपरेटरनं एक बटण दाबायचं आणि मॅक्रोनं प्रत्येक पानाची जेपीजी त्याच जॉब नंबरनं काढून ठेवायची. प्रत्येक सेव्हला हे आपोआप करायचा मोह टाळा. लग्नसराईत माणूस दर दोन मिनिटांनी सेव्ह करतो आणि प्रत्येक वेळी थांबावं लागलं तर तो सेव्ह करणंच कमी करेल. मॅक्रो लिहिताना त्यात थेट देवनागरी अक्षरं टाकू नका, तो एडिटर जुन्या पद्धतीचा आहे, तिथेही प्रश्नचिन्हंच होतात.

बाकीच्या प्रकारांचं भरभर सांगतो. फोटोशॉपची पीएसडी फाइल असेल तर इमेजमॅजिक या चित्रं बदलून देणाऱ्या साधनाला तिचं पहिलं, म्हणजे सगळे थर एकत्र केलेलं चित्र मागा. लिब्रेऑफिसची ओडीटी फाइलही झिप असते, तिच्यात थंबनेल असतं. वर्डच्या डॉक्स फाइलीत ते सेव्ह करताना मागितलं असेल तरच असतं. इलस्ट्रेटरची एआय फाइल ‘पीडीएफ कम्पॅटिबल’ ठेवली असेल तर पीडीएफसारखीच हाताळता येते. पेजमेकरच्या फाइलींसाठी सोपा रस्ता नाही, त्यांची एकदाच पीडीएफ करून शेजारी ठेवा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आहे, तेव्हा पुढेमागे हे करावं लागणारच आहे. ईपीएस फाइल हे नुसतं चित्र नसून चालवला जाणारा प्रोग्राम आहे. त्यासाठी ती चालवून चित्र काढणाऱ्या घोस्टस्क्रिप्टची ताजी आवृत्तीच वापरा, ९.५० पासून तिच्यात सुरक्षित पद्धत आपोआप चालू असते.

पीडीएफवर मात्र जरा थांबतो. पॉपलर संचातलं ‘पीडीएफ-टू-पीपीएम’ हे साधन पहिल्या पानाचं चित्र चटकन काढतं. त्याच संचात ‘पीडीएफ-फॉन्ट्स’ आहे, तेही प्रत्येक पीडीएफवर चालवा. कुठला फॉन्ट फाइलमध्ये भरलेला आहे आणि कुठला नाही ते ते सांगतं. एकही फॉन्ट बाहेर राहिला असेल तर प्रिव्ह्यूभोवती लाल चौकट काढा. नुसतं डोळ्यांनी बघून हे कळत नाही, कारण तुमच्या मशिनवर तोच फॉन्ट असेल तर चित्र अगदी बरोबर दिसतं आणि छपाईची प्लेट काढायला कोल्हापूरला पाठवलेली फाइल तिथे बिघडते. पत्रिकेची एक बाजू मराठी आणि एक कन्नड असते तिथे हे जास्त होतं, कारण एक बाजू करणारा आणि दुसरी करणारा वेगळा, दोघांचे फॉन्ट वेगळे. स्क्रिप्टचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथेच वाटतो. चित्र दिसणं ही सोय झाली, पण लाल चौकट कागद वाचवते.

साध्या टेक्स्ट फाइलीत जुन्या फॉन्टचा मजकूर असेल तर तिच्यात फॉन्टचं नाव कुठेच नसतं. तो नुडीचा की श्रीलिपीचा हे फाइलवरून ओळखायला जाऊ नका, अंदाज चुकतात. फोल्डर वेगवेगळे ठेवा आणि फोल्डरवरून फॉन्ट ठरवा. आरटीएफ फाइलीत फॉन्टांची यादी असते, ती वाचता येते.

चित्रं काढणारी स्क्रिप्ट आत, जिथे फाइली आहेत त्याच मशिनवर, विंडोजच्या टास्क शेड्यूलरला दर १५ मिनिटांनी चालवू द्या. काढलेल्या जेपीजीचं नाव वर्ष, जॉब नंबर आणि अनुक्रम एवढंच, सगळे इंग्रजी आकडे. जेपीजीची ‘बदलल्याची वेळ’ मूळ फाइलीच्या वेळेइतकीच लावून ठेवा. पुढच्या फेरीत दोन्ही वेळा जुळल्या तर ती फाइल सोडून द्यायची, नाही जुळल्या तर चित्र नव्यानं काढायचं. वेगळी नोंदवही ठेवायची गरज पडत नाही. फाइली फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर असतील तर तिथली वेळ २ सेकंदांच्या टप्प्यानं मोजली जाते, तेवढा फरक चालवून घ्या. शेवटच्या दोन मिनिटांत बदललेल्या फाइलीला हात लावू नका, कदाचित ती आत्ताच सेव्ह होत असेल. जुन्या कमांड-लाइन साधनांना देवनागरी नाव झेपलं नाही तर फाइलची प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये जॉब नंबरच्या नावानं करा आणि तिच्यावर काम करा. पॉवरशेल ५.१ मध्ये चालणारी स्क्रिप्ट यूटीएफ-आठ विथ बीओएम अशीच सेव्ह करा, नाहीतर तिच्यात लिहिलेली मराठी फोल्डरांची नावं बिघडतील.

काउंटरची स्क्रिप्ट मग अगदी छोटी राहते. २०० मिलिसेकंदांनी एकदा जॉब नंबर वाचायचा. बदलला असेल आणि पुढच्या वाचनातही तोच असेल तरच चित्र बदलायचं. बाणाची कळ दाबून धरून कुणी यादी सरकवत असेल तर मधली चित्रं चमकत राहत नाहीत. खिडकी उघडताना ‘नो-अ‍ॅक्टिव्हेट’ हा पर्याय विसरू नका. तो नसेल तर प्रत्येक चित्राबरोबर कर्सर रजिस्टरमधून निघून प्रिव्ह्यूकडे जातो आणि टाइप करणाऱ्याची अक्षरं हवेत जातात. रजिस्टर मिनिमाइझ झालं की प्रिव्ह्यूही लपवा. एका जॉबला अनेक फाइली असतील तर शेवटी बदललेली मोठी दाखवा आणि बाकीच्या खाली लहान पट्टीत. नावातल्या ‘फायनल’वर विसंबू नका, तारखेवर विसंबा. कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याची दुरुस्ती २०२४ मध्ये कायद्यात आल्यापासून एकाच दुकानाच्या बोर्डाची जुनी आणि नवी अशी दोन्ही डिझाइनं फोल्डरमध्ये पडलेली असतात. नावं सारखीच, आकार सारखाच, आणि फ्लेक्सला चुकीची फाइल गेली तर खर्च प्रेसच्या माथी. खालची पट्टी नेमकी अशा ठिकाणी कामाला येते.

प्रिव्ह्यूतल्या रंगावरून गिऱ्हाइकाला रंग पक्का करून देऊ नका. छपाईच्या चार रंगांतली जेपीजी साधी साधनं चुकीच्या रंगांत दाखवू शकतात. आणि ऑटोहॉटकीची स्क्रिप्ट ईएक्सई करून बसवू नका. अशा ईएक्सई फाइलींना अँटिव्हायरस पुष्कळदा व्हायरस समजून उचलतो. स्क्रिप्ट आहे तशीच ठेवली तर उद्या दुसऱ्या कुणाला ती उघडून दुरुस्तही करता येते. तुमच्या रजिस्टरचा सोर्स कोड नाही म्हणून आज जी अडचण आली, ती पुढच्या माणसाला येणार नाही.

सुरुवात विंडो स्पायपासून करा. जॉब नंबरच्या चौकोनावर माउस नेल्यावर काय नाव येतं आणि काउंटरवर विंडोज कुठली आहे, एवढं कळवा. टेक्स्टबॉक्सचं नाव आलं तर काउंटरची स्क्रिप्ट मी लिहून पाठवतो. फॉर्मचंच नाव आलं तर रजिस्टरच्या फोल्डरमध्ये एमडीबी फाइल आहे का ते बघा, आणि बघण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा.